सगळ्याला कारण होतं

(अमेरिकेत शिकागोजवळचं नेपरव्हिल. मराठी मंडळाच्या कार्यक्रमाहून घरी परतताना, गाडीत.)

मीनाक्षी: हीटर राहू दे. आधी सांगा, सगळे हसले तेव्हा तुम्ही माझ्याकडे का नाही बघितलंत?

गुरुनाथ: कधी हसले? तासभर बोललो मी.

मीनाक्षी: छानच बोललात, कपड्यांच्या इतिहासावर. घोड्यावर नीट बसता यावं म्हणून कोटाला मागे चीर आली. टाय सैनिकांच्या गळ्यातल्या रुमालावरून आला. तिकडच्या बायका सायकल चालवायला लागल्या आणि पायघोळ झगे मागे पडले. सगळ्याला कारण. आणि शेवटी काय, "आपल्या बायकांनी मात्र इथे उतरल्या उतरल्या साडी सोडली, नुसती नक्कल!"

गुरुनाथ: अगं, जनरल बोललो मी. तुला कोण म्हणालं?

मीनाक्षी: पुढच्या रांगेतली मृणालिनी वळून माझ्या पॅन्टकडेच बघत होती.

गुरुनाथ: जोक होता गं.

मीनाक्षी: साडी मी सोडली?

गुरुनाथ: आता ते कशाला...

मीनाक्षी: तुमच्या हॉस्पिटलच्या चीफकडे पार्टी होती. मी हिरवी जरीची नेसून तयार. तुम्ही दारातच म्हणालात, "हे बदल. मला इथे जॉब टिकवायचाय." पॅन्टसुद्धा तुम्हीच आणून ठेवली होतीत.

गुरुनाथ: एकटा इंडियन होतो मी तिथे, मीनू. घाबरलो होतो.

मीनाक्षी: कळत होतं मला, म्हणून तर बदलली. पण आई इथे आल्या तेव्हा? एअरपोर्टवर त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. तुम्ही बॅगा उचलत म्हणालात, "तिलाच आवडतं हे."

गुरुनाथ: आईला वाईट वाटलं असतं.

मीनाक्षी: मला वाटलेलं चाललं. शेवटपर्यंत मला 'मड्डम' म्हणायच्या त्या. एकदा तरी तोंड उघडलं मी? म्हटलं, निदान यांना तरी ठाऊक आहे. आज कळलं, तुम्ही विसरूनही गेलात.

गुरुनाथ: विसरलो नाही.

मीनाक्षी: मग तर जास्तच वाईट.

गुरुनाथ: बरं, चुकलं माझं. रविवारी शिकागोच्या लोकांसमोर हेच भाषण आहे. ते वाक्य कट करतो.

मीनाक्षी: कट कशाला? त्याचंही कारण सांगा ना.

गुरुनाथ: घरातलं चारचौघांत कशाला?

मीनाक्षी: अर्धं तुम्ही नेलंतच की.

गुरुनाथ: म्हणजे तू येणार नाहीस?

मीनाक्षी: येणार ना. पॅन्ट घालून पहिल्या रांगेत बसणार. ते वाक्य माझ्याकडे बघून म्हणा.