लाल पाटीचं दार

ओळखा बघू, शेवटी भुर्दंड कुणाला पडला? कंपनीला म्हणता? हॅ हॅ — साहेब, तुम्ही पडलात कंपन्यांना वेसण घालणाऱ्या आयोगाचे, तुम्हाला तसंच वाटणार! बसा — अहो, ती खुर्ची नको, लंगडी आहे ती, इकडं कॉटवर बसा. तर आमच्या सूनबाईनं ॲप काढलं, म्हाताऱ्यांना गोळीची आठवण करून देणारं. आवाज कुणाचा? माझा! ‘ए थेरड्या, गोळी गीळ, नाहीतर पोरं वाटणीला बसतील!’ — लोक खदाखदा हसायचे अन् मुकाट गोळी घ्यायचे. पण फोनमधलं ॲपचं दुकान त्या कंपनीचं, दुसरं दुकान नाही, म्हणून गिऱ्हाइकानं भरलेल्या शंभरातले तीस तिचे. का? म्हणे, दुकान आमचं! मग तुम्ही दरडावलंत — गिऱ्हाइकाला बाहेरून पैसे भरायला दार ठेवा. ठेवलं की, भारी आज्ञाधारक हो! फक्त दारावर लाल पाटी — ‘पुढं धोका आहे, पैसे बुडाले तर आम्ही जबाबदार नाही, नक्की जायचं?’ आता ज्याला आधीच बीपी, तो जाईल पुढं? सगळे माघारी! सूनबाई रडकुंडीला आली. मला कुठं वाचता येतंय, तिनंच पाटी वाचून दाखवली. म्हटलं, एवढंच? ती बाहेर गेली तसं मी बटण दाबलं — रेकॉर्ड करायला तिनंच शिकवलेलं — अन् गोळीच्या हाकेला शेपूट जोडलं: ‘लाल पाटीला भिऊ नका रे, दुकानदार बोंबलतोय, खुशाल जा!’ गेले की धडाधड! अन् कंपनीनं ॲपच उचलून बाहेर फेकलं. म्हणे, गिऱ्हाइकाची दिशाभूल. दिशाभूल मी केली!

मग सूनबाई तुमच्या दारात, तुम्ही कंपनीला दंड ठोकलात, पेपरात फोटो — कंपनीनं सुट्टे द्यावेत तसा भरला. ॲप परत आलं. अट एकच, तो आवाज नको. तडजोड तुम्हीच घडवलीत ना? ब्येस केलंत.

सूनबाई काय म्हणते? ती कशाला काही म्हणेल! आधी रोज सकाळी यायची, ‘मामंजी, आज नवी शिवी द्या,’ त्या खुर्चीवर बसून पोट धरून हसायची. लंगडी? छे हो, धडधाकट आहे खुर्ची — थांबा, फोन वाजला. ऐका: ‘आजोबा, कृपया आपली गोळी घ्या.’ कृपया! कुठली भाड्याची पोरगी कुणास ठाऊक. आता सूनबाई दारातूनच बघते, गोळी घेतली का, अन् जाते. — उठा साहेब. अन् जाताना ती खुर्ची सरकवू नका, आहे तिथंच राहू द्या.