कुजली तर माझी हरकत नाही

आजच्या समारंभाच्या अध्यक्ष आणि गावच्या सरपंच माननीय सुचिताताई. आपल्या मुंबई मंडळाचे अध्यक्ष आणि आजचे प्रमुख पाहुणे माननीय दीपेशशेठ. अडतीस वर्षं अंगणवाडी सांभाळून आज निवृत्त होणाऱ्या सत्कारमूर्ती तुळसाताई. त्यांच्या मदतनीस केसरबाई, ज्यांच्यासाठी व्यासपीठावर खुर्ची ठेवली असूनही ज्या दारात उभ्या आहेत, कारण चहाचं पातेलं त्यांनी अजून कुणाच्या हाती दिलेलं नाही. कोळीवाड्यातल्या, बौद्धवाडीतल्या आणि वरच्या आळीतल्या माझ्या बंधूंनो आणि भगिनींनो. आणि पुढे चटईवर बसून आत्ताच चुळबुळ करू लागलेल्या छोट्या परीक्षकांनो, सर्वांना माझा नमस्कार.

मला बोलायला दहा मिनिटं दिली आहेत. देणाऱ्यांना माझा स्वभाव ठाऊक आहे, म्हणून त्यांनी घड्याळ माझ्यासमोर आणून ठेवलं आहे. त्या घड्याळाचा मी पूर्ण आदर करतो. पाहत मात्र नाही.

माझ्याआधी चार वक्ते बोलले. त्यांनी तुळसाताईंना पर्यावरणाची माता म्हटलं, निसर्गाची लेक म्हटलं, एकाने तर हरितकन्या म्हटलं. पासष्टाव्या वर्षी एकाच संध्याकाळी आई, लेक आणि कन्या होण्याचं भाग्य किती जणांना लाभतं? ताई मान खाली घालून ऐकत होत्या. लोकांना वाटलं, संकोच. मी शेजारी बसलो होतो. त्या पायाखाली बघत होत्या.

आपणही जरा बघा. या व्यासपीठावर किती सुंदर हिरवळ पसरली आहे! एकसारखी, स्वच्छ, एक पान इकडचं तिकडे नाही. दीपेशशेठनी अंगणवाडीच्या अंगणासाठी पाठवलेली ही प्लास्टिकची हिरवळ. आज ती आमच्या पायाखाली आहे. उद्या सकाळी टेम्पोने अंगणवाडीत जाईल आणि मातीवर पसरली जाईल. आज तुळसाताई बाहेर, उद्या हिरवळ आत. ज्या बाईने सात महिने हिला दाराबाहेर ठेवलं, तिचा सत्कार आपण हिच्यावरच उभं राहून करतो आहोत. इतकी नेटकी योजना आपल्या गावात याआधी कधी झाली होती का?

पण या हिरवळीला मीच निमंत्रण दिलं आहे, म्हणून हकिगत पहिल्यापासून सांगतो.

मी गावच्या पर्यावरण समितीचा अध्यक्ष. गेल्या वर्षी एका संस्थेने ‘हरित अंगणवाडी’ प्रमाणपत्र देण्याचं जाहीर केलं आणि अर्ज लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी वही घेऊन गेलो आणि म्हटलं, “ताई, तुमचे उपक्रम सांगा.”

त्या म्हणाल्या, “उपक्रम न्हाय ओ गुरुजी. पोरं हात धुतात ते पानी केळीला जातं, एवढंच हाय.”

मी लिहिलं : सांडपाण्याचा शास्त्रशुद्ध पुनर्वापर.

कोळीवाड्यातल्या हरेश्वर तांडेलांचं मासेमारीचं फाटकं जाळं त्यांनी कोंबड्या शिरू नयेत म्हणून भाजीच्या वाफ्यावर टाकलं होतं. मी लिहिलं : सागरी कचऱ्यातून परसबागेचं संरक्षण. मुलं शिंपल्या मोजून आकडे शिकतात. मी लिहिलं : निसर्गस्नेही गणित साहित्य. आणि अंगणाच्या कोपऱ्यात तो खड्डा आहे, ज्यात मुलं दर शनिवारी साली, पानं, कागद, काय काय पुरतात आणि मागचं उकरून काय कुजलं ते बघतात. त्याला मी नाव दिलं : सेंद्रिय विघटन प्रयोगशाळा. हे मी मोठ्याने वाचत असताना केसरबाई आतून ओरडल्या, “ओ गुरुजी, तुमचे प्रयोगशालंन कोंबरी परलीय, आदी तिला कारा!”

कोंबडी मी काढली. अर्जात तिचा उल्लेख नाही.

माझंही पर्यावरणकार्य थोडं सांगितलं पाहिजे, नाहीतर अन्याय होईल. जूनमध्ये मी मुलांची फेरी काढली. पुढे वीस फुटांचा फ्लेक्स : ‘प्लास्टिकमुक्त गाव’. खाली माझा फोटो. फेरी संपल्यावर तुळसाताईंनी विचारलं, “गुरुजी, याचं आता काय करायचं?” बोर्ली पंचतनपासून अलिबागपर्यंत मी पर्यावरणावर बोललो आहे. टाळ्या मिळाल्या, नारळ मिळाले, पण हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. शेवटी हरेश्वर तांडेलांनी तो फ्लेक्स नेला. हल्ली पावसाळ्यात त्यांच्या बोटीच्या इंजिनावर मी उपडा पडलेला असतो. माझ्या कार्याचा गावाला झालेला तो एकमेव उपयोग.

तर अर्ज गेला. पाहणीला पाहुणे येणार असं ठरलं. त्याच सुमारास गणपतीला दीपेशशेठ गावी आले होते. अंगणवाडीत मुलांचे पाय मातीने भरलेले बघून त्यांना वाईट वाटलं. त्यांचं मन मोठं आहे, हे मी उपरोधाने म्हणत नाही. त्यांनी मुंबईला जाऊन आधी हिरवळीचा एक तुकडा नमुना म्हणून पाठवला. चटईएवढा. आम्ही तो अंगणवाडीच्या दाराशी अंथरला.

आणि मुलांनी त्याला पाणी घालायला सुरुवात केली.

हसू नका. त्यांचा काय दोष? त्यांना शिकवलंच तसं आहे. हिरवं दिसलं की हात धुतलेलं पाणी त्याला. हरेश्वर तांडेलांची नात हेतल, वय वर्षं चार, हिने पहारा बसवला होता. कुणी पाणी न घालता पुढे गेलं की परत बोलवायची. पंधरा दिवस हे चाललं. सोळाव्या दिवशी, गवत वाढेना म्हणून, ती ताईंकडे आली. मी तिथेच होतो.

“बाय, यो गवत वारत का न्हाय?”

“तुला काय वाटतं?”

ती तुकड्याजवळ उकिडवी बसली. हात फिरवला, ओढून बघितलं, वास घेतला. मग म्हणाली, “यो मेलाय. पन त्याला अजून कललाच न्हाय.”

सत्तर वर्षांच्या आयुष्यात मी अनेक संस्था पाहिल्या, अनेक समित्यांवर बसलो. इतकं नेमकं परीक्षण कुठल्याच अहवालात वाचलं नाही.

अंगणवाडीचा नियम असा, की जे मेलं ते खड्ड्यात. मुलांनी तुकडा रीतसर पुरला. वर झेंडूची फुलं ठेवली.

दिवाळीआधी ग्रामपंचायतीत सभा झाली. सगळं अंगण हिरवळीने झाकायचा ठराव आला. ठराव मी मांडला. पहिली सही माझी. ‘हिरवा रंग आणि बालमन’ या विषयावर मी वीस मिनिटं बोललो आणि, खरं सांगतो, फार चांगलं बोललो. मग मागून तुळसाताई उठल्या. त्या सभेत कधी बोलत नाहीत. म्हणाल्या, “कुजली तर माझी हरकत न्हाय. तुकडा खड्ड्यात हाय. पोरं शनिवारी दुसऱ्या बाजूला उकरतील. ही बाजू मी निवृत्त व्हायच्या दिवशी उघडू. कुजला असला तर सगळं अंगण झाका. तोवर मातीला हात लावायचा न्हाय.”

सभा हसली. हसत हसत आपण ते मान्य केलं, इतिवृत्तात लिहिलंही. पाहणीचे पाहुणे आले, मातीचं अंगण बघून परत गेले. प्रमाणपत्र शेजारच्या गावाला मिळालं. त्यानंतर ताईंविषयी गावात काय काय बोललं गेलं, ते इथे सांगत नाही. बोलणारे आज पहिल्या रांगेत आहेत आणि त्यांनी हारसुद्धा आणले आहेत.

आता तुम्ही म्हणाल, एका खड्ड्यासाठी एवढं काय? मीही तेच म्हणत होतो. मग काल संध्याकाळी ताई माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, “गुरुजी, मला शाल नको, नारळ नको. तुमचं बोलणं लांबतं, त्याचा एकदा उपयोग करा. लोक जेवायला उठायच्या आत अंगणाचं विचारा. मी गेल्यावर विचारणारं कोन न्हाय.” मग जाता जाता म्हणाल्या, “तो खड्डा कसा झाला, ठाऊक हाय ना तुम्हाला?”

ठाऊक आहे. वरच्या आळीत सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून कुणी बोलत नाही. आज बोलतो.

अडतीस वर्षांपूर्वी बौद्धवाडीतली एक सत्तावीस वर्षांची बाई सेविका म्हणून लागली. पटावर बत्तीस मुलं. तिने पहिल्या दिवशी भोपळ्याची भाजी आणि भात रांधला. जेवायला बसली पाच. बाकीच्यांना घरून सांगितलं होतं, तिच्या हातचं खायचं नाही. दुसऱ्या दिवशीही तेच. उरलेलं अन्न तिने रस्त्यावर फेकलं नाही, आरडाओरड केली नाही. कोपऱ्यात खड्डा खणला आणि रोज त्यात पुरत गेली. साली पुरल्या, बिया पुरल्या. पावसाळ्यात त्या जागी भोपळ्याचा वेल आला. कुंपण चढून गेला. एवढे भोपळे लागले, की तिने प्रत्येक मुलाच्या हाती एक एक घरी पाठवला. घरोघरी ते रांधले गेले. भोपळा कुणाच्या अन्नावर वाढला, हे त्या दिवशी कुणीच विचारलं नाही. चव चांगली होती.

पटावरच्या त्या बत्तीस मुलांत माझी मुलगी होती. ती घरून डबा न्यायची. त्या वर्षी मी समतेवर अकरा व्याख्यानं दिली.

ताई, अडतीस वर्षांत तुम्ही हे मला एकदाही ऐकवलं नाहीत. कालही नाही ऐकवलंत. नुसतं विचारलंत, ठाऊक आहे ना.

असो. आज सकाळी ठरल्याप्रमाणे खड्ड्याची ती बाजू उघडली. कुदळ केसरबाईंनी मारली. सुचिताताई होत्या, दीपेशशेठ होते, मुलं काठावर. केळीची सालं नाहीशी, झेंडू नाहीसा, कागद नाहीसा, नारळाची सोडणं अर्धी विरघळलेली. काळी, ओलसर माती, हातात घेतली तर उबदार. आणि तिच्या मधोमध...

थांबा, पिशवीतच आहे.

हा बघा. सात महिने पुरलेला. केसरबाईंनी नळाखाली एकदा धरला एवढंच. आहे की नाही अगदी नवा? दीपेशशेठ सकाळी आनंदाने म्हणाले, “बघा गुरुजी, क्वालिटी!” त्यांचं शंभर टक्के खरं आहे. आपण सगळे इथून जाऊ, आपली नावं कोनशिलेवरून पुसली जातील, हा असाच राहील. हेतल मात्र वाकून बघून एवढंच म्हणाली, “बाय, यो अजून मेलेलाच हाय.”

सुचिताताई, आपण अध्यक्ष आहात. ठरावातली अट ताईंची, ताई गेल्या की अट गेली, असं कुणीतरी आपल्याला सांगितलं आहे. सांगणारा मीच होतो. गेल्या महिन्यात, आपल्याच ओटीवर. ते शब्द मी मागे घेतो. ठरावावरची माझी पहिली सही आज सर्वांसमोर मागे घेतो. आणि आपल्या परवानगीने सभागृहाला एकच प्रश्न विचारतो. उद्या त्या मातीवर ही हिरवळ पसरावी असं ज्यांना वाटतं, त्यांनी हात वर करावा.

कुणीही? वरची आळी? मागे खांबाजवळ?

दीपेशशेठ, आपला हात... अच्छा, चष्मा सावरताय. सावरा.

“गुरुजी, चाय थंड होतेय!” ऐकलंत? हे केसरबाईंचं मत. तेही आपल्याच बाजूचं धरतो.

ताई मान हलवताहेत. शब्दात सांगा ताई, मान इतिवृत्तात लिहिता येत नाही.

“अंगन मातीचंच राहील.” धन्यवाद. ग्रामसेवक, आत्ताच लिहा. शाई वाळू द्या, मग बाकीचे हार.

मग या हिरवळीचं काय करायचं? शेठनी प्रेमाने दिली आहे, परत पाठवणं बरं नाही. माझी सूचना आहे, ती इथेच राहू द्यावी, या व्यासपीठावर. इथे तिला माती लागत नाही, पाणी लागत नाही. आमच्यासारख्यांची भाषणं तिला पुरतील. आणि पुढच्या वेळी पर्यावरणावर बोलायला उभा राहीन तेव्हा ती माझ्या तळव्यांना टोचेल. त्याची मला गरज आहे.

तुळसाताई, तुमच्या कार्याचा गौरव करण्याची माझी पात्रता नाही, म्हणून करत नाही. एक विनंती तेवढी आहे. उद्यापासून तुम्ही सेविका नसाल, पण शनिवारी खड्डा उघडताना या. आणि आज केसरबाईंनी भोपळ्याची भाजी केली आहे असं कळलं. मला पहिल्या पंगतीला तुमच्या शेजारी बसायचं आहे. फार उशीर झाला आहे, पण तुमच्या हाताने वाढाल, अशी आशा करतो.

मला बोलू दिल्याबद्दल अध्यक्षांचा आभारी आहे. घड्याळ ठेवणाऱ्यांचा आभारी आहे. ते पंचवीस मिनिटं पुढे गेलेलं दिसतं. बोलण्याच्या भरात कुणाला लागलं असेल, काही अधिकउणं झालं असेल, तर उदार मनाने क्षमा करावी. आणि हेतल, इकडे ये बाळा. हे माझं भाषण. साध्या कागदावर शाईने लिहिलेलं आहे. शनिवारी पुर. दोन भोपळ्याच्या बिया मात्र सोबत टाक.

नमस्कार.