तीन थरांची जेली

(ठाणे, खाडीकाठचा कोळीवाडा. १९८९. दुपारी तीनच्या सुमारास स्वयंपाकघरात सून हेमा आणि सासू आवडाबाई.)

हेमा : आई, फ्रीजमध्ये हे बोंबील कोणी ठेवले?

आवडाबाई : कुठं गो?

हेमा : हे काय, जेलीच्या भांड्याला चिकटून! सकाळी सोडा घालून फ्रीज पुसलेला मी, लिंबाच्या फोडी ठेवलेल्या. फक्त आजचा दिवस मासळी आत नको, एवढंच सांगितलेलं ना?

आवडाबाई : तुझ्या सासऱ्यानं ठेवले आसतील. होडीवरनं आले, पिशवी टाकली, आडवे झाले. त्यांना काय सांगशील?

हेमा : लाल थराला वास लागला. हुंगून बघा.

आवडाबाई : मला तर गोड वास येतो.

हेमा : तुम्हाला कसा येईल!

आवडाबाई : बरं, काढते बोंबील. तू चिडू नको. वरचा रंग वत.

हेमा : काय वत! पाचला बाबा येणार. पिवळा घट्ट व्हायला तास, मग हिरवा. कधी होणार हे सगळं?

आवडाबाई : मंग तिन्ही एकदम का नाय वतत?

हेमा : अहो, मग थर कसे राहतील? खालचा गोठल्याशिवाय वरचा ओतायचाच नाही.

आवडाबाई : लग्नानंतर पयल्यांदा लेकीकडं येतो मानूस. तो काय थर मोजनार?

हेमा : बाबाच मोजणार! डोंबिवलीला आमच्याकडे फ्रीज आला ना, तेव्हा बाबांनी पहिली हीच केलेली. मग माझ्या प्रत्येक वाढदिवसाला. खुर्ची घेऊन फ्रीजसमोर बसायचे. दर पाच मिनिटांनी दार उघडायचे, बोट लावायचे, आई ओरडायची. मी कोळ्याच्या घरात आले म्हणून तेच बाबा दोन वर्षं माझ्याशी बोलले नाहीत. आज येतायत. या वासात पाणी तरी जाणार आहे का त्यांच्या घशाखाली? म्हणून ही जेली. थंड, गोड, स्वच्छ.

आवडाबाई : म्हंजे आमचं घर घान.

हेमा : तसं नाही म्हटलं मी.

आवडाबाई : म्हटलंस गो.

हेमा : श्शी! अरे देवा!

आवडाबाई : आता काय झालं?

हेमा : पिवळी गार करायची राहिली. तशीच ओतली. लाल वितळली सगळी. बघा, नुसतं गढूळ झालं! बोलण्याच्या नादात गेलं सगळं. माझंच मेलीचं लक्ष नाही.

आवडाबाई : बर्फात ठेव. दारात पेटी हाय ना, चटकन गोठंल.

हेमा : मासळीच्या पेटीत? वर पापलेटं, खाली जेली?

आवडाबाई : पापलेटं नाय आज. नुसता बर्फ हाय. पेटी घासून घेतलीय मी.

हेमा : म्हणजे? तुम्ही बाजारात बसला नाहीत आज?

आवडाबाई : नाय.

हेमा : का?

आवडाबाई : मासळीची पाटी घेऊन बसलं की वास अंगाला लागतो, लवकर जात नाय. तुझ्या बाबांसमोर पानी घेऊन मीच जानार ना? सकाळपासनं दोनदा न्हाले. शिकेकाईनं डोकं धुतलं. ह्ये लुगडं पन नवं हाय.

हेमा : मला दिसलंच नाही.

आवडाबाई : कसं दिसंल? तुझं डोकं त्या भांड्यात. दे ते हिकडं, बर्फात ठेवते.

कांता (शेजारीण, दारातून) : हेमा! हेमा, आहेस का घरात? आमच्याकडे फोन आलेला तुझ्या भावाचा.

हेमा : या ना कांतावहिनी. निघाले का बाबा?

कांता : नाही गं. त्यांना पित्त झालंय म्हणाला. आज येत नाहीत. परत कधीतरी बघू म्हणालेत.

हेमा : कधीतरी म्हणजे कधी?

कांता : तेवढंच बोलला आणि ठेवला त्याने. मी पळते, दूध ठेवलंय गॅसवर.

हेमा : पित्त! जन्मात कधी पित्त झालं नाही बाबांना. डोंबिवलीहून ठाण्याला यायचं म्हटलं की बरं पित्त होतं! इतका राग येतोय ना, आई. त्यांचा येतोय, माझा पण येतोय. सकाळपासून मी तुम्हाला काय काय बोलले. द्या ते भांडं, मोरीत ओतते.

आवडाबाई : वतू नको. वाटी आन.

हेमा : थर नाहीत त्यात.

आवडाबाई : मी कुठं थर मोजनार हाय? आन वाटी. दोन आन.

हेमा : अजून धड गोठली पण नाही.

आवडाबाई : नसू दे. गारगार हाय, चांगली लागते. घशात गेलेली समजत पन नाय. खा तू. रडत काय खातेस, नीट खा.

हेमा : खातेय.

आवडाबाई : खरं सांग. येतो का गो वास?

हेमा : येतो. वाढा अजून.