पाचवी घंटडी

...नाही, पण मला एक सांगा, ज्या माणसाला मराठी कुठे संपते आणि गुजराती कुठे सुरू होते हेच आयुष्यभर कळलेलं नाही, त्यालाच त्या हद्दीवर पहारा करायला बसवायचा कशाला? मी नको म्हटलं होतं हो! हंबीररावांना, म्हणजे आमच्या मराठी मंडळाच्या अध्यक्षांना, हात जोडून म्हटलं की दुसरा कोणी बघा, तर म्हणाले, "जयवंतराव, चौतीस वर्षं रेल्वेत काढलीत, घंटा आणि शिट्टी तुमच्या रक्तात आहे." अहो, मी पार्सल ऑफिसात होतो! शिट्टीशी माझा संबंध फक्त कुकरच्या. पण ऐकतील ते हंबीरराव कसले, त्यांनी ती पितळी घंटडी माझ्या हातात कोंबली आणि निघून गेले.

तर काय, की मंडळाची वादविवाद स्पर्धा. सयाजीगंजात हॉल घेतलेला. विषय काय, तर 'केंद्रशासित प्रदेशाला राज्याचा दर्जा देताना एकाच राजभाषेची अट असावी.' मी विचारलं, कुठला प्रदेश? म्हणाले, कुठलाही. म्हटलं, कुठली भाषा? म्हणाले, कुठलीही, तत्त्वाचा प्रश्न आहे. म्हटलं, मग माझं काम काय? तर म्हणाले, बोलणाऱ्याच्या तोंडून मराठी सोडून दुसऱ्या भाषेचा शब्द निघाला की वाजवायची, पाचव्यांदा वाजली की तो बाद. बडोद्यात! जिथे माणूस शिंकला तरी निम्मी शिंक गुजरातीत येते, तिथे! आता तुम्हीच सांगा, मी घंटडी वाजवायची की नाही?

आणि त्यात आमची सानवी. माझी नात, आठवीत आहे, आई-वडील नोकरीपायी बाहेरगावी, म्हणून गोरव्याला आमच्याच घरी लहानाची मोठी झाली. शाळेत इंग्रजी, मैत्रिणींशी गुजराती, सोसायटीत हिंदी, आणि मराठी कुठे, तर फक्त माझ्याशी आणि आजीशी. महिनाभर मागे लागलो तेव्हा कुठे स्पर्धेत उतरली, तेही अट घालून. म्हणाली, "जिंकले तर ठीक. हरले तर 'मराठीत बोल, मराठीत बोल' करून तुम्ही माझ्या मागे लागायचं नाही. कबूल?" मी कबूल म्हटलं, आजोबा आहे ना, पण अट मला भारीच पडणार होती. कारण ती बोलायची थांबली तर घरात मराठी बोलणारे उरलो आम्ही दोघं, मी आणि दुर्गा, आणि लग्नाला चव्वेचाळीस वर्षं झाल्यावर नवरा-बायको बोलतात ते काय भाषण असतं? 'औषध घेतलं?' 'हं.' एवढ्यावर भाषा जगते का?

तर पहिला उठला पीयूष. वडील पुण्याहून बदली होऊन आलेले, अलकापुरीत राहतात, आणि पोरगं काय बोलतं तुम्हाला सांगतो! भाषेची अट हवीच, म्हणाला. राज्य दिलंत आणि भाषा ठरवली नाहीत, तर माणूस अर्ज करणार एका भाषेत, साहेब उत्तर देणार दुसऱ्या भाषेत, आणि कोर्ट निकाल देणार तिसऱ्या! मला एकदम पटलं. पुढे म्हणाला, "या प्रश्नाचा ऊहापोह व्हायला हवा," आणि मी ठण्णकन वाजवली. आता हा 'ऊहापोह' माझ्या घरात कधी जेवायला आलेला नाही, मला कसा ओळखू येणार? माझ्या शेजारी परीक्षक वसुंधराबाई, नाशिकच्या, शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. त्यांनी चष्म्यावरून असं काही पाहिलं, मला वाटलं आता अंगठे धरून उभं करतात. "जयवंतराव, तो मराठी शब्द आहे. घंटा मागे घ्या." आता वाजलेली घंटडी मागे कशी घेतात? शेवटी असं ठरलं की मी मनानं काही करायचं नाही, बाईंनी पेन्सिल वर केली की वाजवायची. मला तर बरंच वाटलं.

पण मग उठली सानवी.

पहिलंच वाक्य, "परवा मी छाप्यात वाचलं..." पेन्सिल वर. मला कळेचना. छापं म्हणजे पेपर, सकाळी येतो तो, यात काय चुकलं? बाई म्हणाल्या, "छापा पोलीस घालतात." वाजवली. मग, "सरकारनं लोकांची सगवड बघावी..." पेन्सिल. "सोय म्हण." वाजवली. "हे चोक्कस आहे की..." पेन्सिल. "नक्की म्हण." अहो, मला प्रत्येक वेळी नवीनच कळत होतं! सगवड मराठी नाही? चोक्कस मराठी नाही? मग साठ वर्षं मी बोलतोय ते काय? आणि पोरगी प्रत्येक घंटडीला माझ्याकडे बघायची. कारण एकूण एक शब्द माझे होते, या तोंडातून त्या कानात गेलेले. शिकवायचे मीच आणि वाजवायचीही मीच!

आणि त्यानंतर ती म्हणाली, अगदी ठासून, "कचेरीत जाऊन बघा, सगळे साहेब नवरे बसलेले असतात!"

बाईंनी पेन्सिलच खाली ठेवली. म्हणाल्या, "कोणाचे?"

"कोणाचे नाही. नुसतेच नवरे."

आता आपल्या बडोद्याच्या माणसाला सांगायला नको, नवरा बसलाय म्हणजे रिकामा बसलाय, काही काम नाही. पण नाशिकला तसं नाही ना! आमची दुर्गा मिरजेची. लग्न होऊन आली त्या आठवड्यात मी तिला कौतुकानं म्हटलं, "आज मी नवरा आहे, चल कमाटीबागेत." तर म्हणाली, "आज? आणि उद्या कोण?" तेव्हापासून खरं तर मला अक्कल यायला हवी होती. सानवीनं सरळ सांगून टाकलं, "आजोबा असंच म्हणतात," आणि अख्खा हॉल माझ्याकडे वळला. पेन्सिल वर. चौथी. आता तुम्हीच सांगा, मी घंटडी वाजवायची की नाही? वाजवली.

पण तुम्हाला सांगतो, त्यानंतर पोरगी जे बोलली! कागद ठेवून दिला आणि म्हणाली, माझ्या पणजोबांनी घर न बदलता तीन राज्यं बघितली. आधी बडोदे, मग मुंबई, मग गुजरात. राज्यं आली आणि गेली, पण घरात कुठली भाषा बोलता हे कोणी विचारायला आलं नाही, म्हणून ती राहिली. कोणी अट घातली असती तर भीतीनं आम्ही गप्पच बसलो असतो. अहो, माझ्या डोळ्यांत पाणी. मला हेही पटलं. मघाशी पीयूषचं पटलं होतं, तेही अजून पटलेलंच होतं. आता अट हवी की नको? आमच्या पार्सल ऑफिसात काचेच्या पेटीवर तीन-तीन भाषांत 'सांभाळून' लिहिलेलं असायचं आणि हमाल ती आपटायचाच. म्हणजे तीन भाषांनी भागत नाही हे खरं, पण एका भाषेत लिहिलं असतं तर त्यानं आपटली नसती का? माझ्या डोक्याचा नुसता भुगा झाला.

आणि शेवटाला आल्यावर सानवी म्हणाली, "राज्य देण्याआधी त्या प्रदेशातल्या माणसांना विचारा, त्यांना काही वांधो आहे का!"

पेन्सिल वर.

पाचवी. समोर ते पोर उभं, एकच वाक्य राहिलेलं. चौतीस वर्षांत मी एक पावती नियमाबाहेर फाडली नाही, पण त्या दिवशी उठून उभा राहिलो. म्हटलं, "बाई, हा शब्द मराठी आहे."

"कोणत्या कोशात?"

"माझ्या घरात." आता सुटलोच होतो, म्हटलं, "काय व्हायचं ते होऊ दे, मी ही घंटडी वाजवणार नाही."

बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. रागावल्या नाहीत, तोच तर त्रास. अगदी मऊ आवाजात म्हणाल्या, "जयवंतराव, घंटडी हा शब्द मराठी नाही. वाजवा."

आता? नियम म्हणजे नियम. मी माझ्याच शब्दासाठी वाजवली. ठण्ण! म्हटलं, चला, नात वाचली. तर हंबीरराव नियमांचा कागद घेऊन उठले. म्हणाले, 'पाचव्या घंटेला वक्ता बाद' एवढंच यात लिहिलंय, घंटा कोणाच्या शब्दाला वाजली हे लिहिलेलं नाही. म्हणजे सानवीच्या चार आणि माझी एक, झाल्या पाच, पोरगी बाद! मी म्हटलं, हंबीरराव, हा कुठला न्याय? तर म्हणाले, "मला व्यक्तिशः काही वांधो नही, पण नियम आहे." आणि बाईंची पेन्सिल तोवर पर्समध्ये गेलेली!

रागारागानं मी ती घंटडी खिशात घालून घरी आणली. स्कूटरवर मागे सानवी गप्प. स्टेशन गेलं, गोरवा आला. मी मनात म्हटलं, संपलं जयवंता, आता ही तोंड उघडेल ते गुजरातीतच. दारात उतरली आणि म्हणाली, "आजोबा, घंटडीला मराठीत काय म्हणतात?"

मराठीत विचारलं हो! माझा जीव भांड्यात पडला. म्हटलं, "घंटा."

"शी! आमच्या वर्गात तसं कोणी म्हटलं तर बाई बाहेर काढतात. घंटडीच बरी आहे." मग जरा विचार केला आणि म्हणाली, "मी मराठीत बोलेन. पण घंटडी माझ्याकडे राहणार."

मी लगेच कबूल म्हटलं. मला काय माहीत? त्या दिवसापासून घंटडी आमच्या जेवणाच्या टेबलावर आहे. सानवी मराठीत अशी धडाधडा बोलते, दुर्गा खूश, शेजारी चकित, आणि मी तोंड उघडलं की ठण्ण! चहा मागितला, ठण्ण! छापं कुठे विचारलं, ठण्ण! पंधरा दिवस झाले, घरात मी फक्त खुणा करतो. म्हणून तर इथे सोसायटीच्या बाकावर तुमच्यापाशी येऊन एवढं बोलतोय, घरात मराठी वाचली, मीच तेवढा बाद झालो. असो. नात बोलते ना, मग आपल्याला काही वांधो न...

कोणी वाजवली ती?