माझ्यावर कुणाचीही देखरेख नाही

आणि वर मलाच विचारते, "पण हा प्रवास कामासाठी आहे असं तुला का वाटतं, राजा?" का वाटतं?! अहो, तुम्हाला सांगतो, मी राहतो शेफिल्डला, काम तिकडं मासळीच्या बंदरावर, ग्रिम्सबीला, मधे डॉन्कास्टरला गाडी बदलायची, ती दुसरी गाडी रद्द झाली की फलाटावर गारढोण सॉसेज रोल चावत बसायचं... हौस म्हणून? ग्रिम्सबीला? फेब्रुवारीत? बरं, कामासाठी नाही तर नाही, पण मग कामावर पोचतो कसा? मी काय उडत जातो?

थांबा, ही बया कोण ते सांगतो. बर्नडेट. आमच्या अंब्रेला कंपनीतली. आता आम्हा कंत्राटी लोकांची गंमत अशी, की ज्याचं काम करतो त्याचे आम्ही नोकरच नसतो! मासे गोठवणारा कारखाना म्हणतो, हा पोरगा आमचा नाही. काम मिळवून देणारी एजन्सी म्हणते, आमचाही नाही. मग ही अंब्रेला कंपनी हात पसरून येते, ये बाळा, कागदोपत्री तू आमचा नोकर... आणि दर आठवड्याला पगारातून मायेचा एक लचका तोडून घेते. तोडू दे! मी गेलो ते त्यांच्या जाहिरातीला भुलून. 'प्रवासखर्चाची सोय' असं हे एवढं मोठं लिहिलेलं. त्याच्याखाली मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत 'पात्र असल्यास'. आता मुंगीचे पाय कोण वाचतं?

आणि प्रश्न नुसत्या खर्चाचा नव्हता हो. तिकिटातच निम्मा पगार जातो. खर्च मिळाला तर रोज रात्री मी घरी, टॅम्सिनजवळ. नाही मिळाला तर आठवडाभर ग्रिम्सबीत खोली घेऊन पडायचं. आणि टॅम्सिन म्हणजे... आत्ता कुठे आम्ही एकत्र राहायला लागलोय, पडदेसुद्धा लावले नाहीत अजून! ती म्हणाली, "जोएल, मी हा फ्लॅट तुझ्याबरोबर घेतलाय, तुझ्या टूथब्रशबरोबर नाही."

म्हणून मी बर्नडेटच्या हातापाया पडलो. फोनवरूनच, पण पडलो. ती म्हणाली, "हे बघ राजा, मिळतो घर ते कामाचा खर्च. अट एकच. तिथं तुझ्यावर कुणाची देखरेख नको, कुणाच्या सूचना नकोत, काम कसं करायचं ते सांगायचा कुणाला हक्कही नको."

"हक्कही?"

"हक्कही. तोंडातून शब्द न काढता नुसता हक्क असला तरी बाद."

"मग मिळतो तरी कुणाला?"

"माझ्या आठवणीत कुणालाच नाही. पण साहेबाचं पत्र आण, बघू या!"

साहेबाचं! कारखान्यातला आमचा साहेब म्हणजे ग्रॅहम टपलिन. आता या माणसाबद्दल काय सांगू... चहात पिशवी किती वेळ बुडवायची याची पाटी लावलीय त्यानं किटलीवर. मी शिंकलो तर म्हणतो, "कोपरात शिंक, पोरा. त्या नाही, डाव्या!" मी मासे मोजणाऱ्या यंत्रांचं सॉफ्टवेअर तपासतो, त्याला त्यातलं ओ की ठो कळत नाही, पण मागे उभा राहून म्हणणार, "ते बटण जरा हळू दाब." आणि या माणसाकडून मी लिहून घ्यायचं, की माझ्यावर कुणाची देखरेख नाही! म्हणजे वाघाकडून शाकाहाराचं प्रमाणपत्र!

पण करता काय? मी काय उडत जातो? गेलो त्याच्याकडे, कस्टर्ड क्रीम बिस्किटांचा पुडा घेऊन. म्हटलं, ग्रॅहम, असं असं आहे. त्याचा चेहरा एकदम पडला. "म्हणजे मी तुला काही सांगत नाही असं लिहू? मग मी इथं करतो काय?"

म्हटलं, "तसं नाही ग्रॅहम, तुम्ही माणूस असा तयार करता की त्याला पुन्हा सांगावंच लागत नाही."

विरघळला! बिस्किटासारखा विरघळला! म्हणाला, "ये, बस. सरळ बस. असं पत्र लिहायला अक्कल लागते, तू सांग, मी लिहितो... हां, असं नाही सांगायचं, आधी 'महोदया' सांग. आणि टेबलावरचं कोपर काढ." माझ्यावर कुणाची देखरेख नाही हे कसं सांगायचं, ते त्यानं मला सगळं सांगितलं! शेवटी म्हणाला, "ऊठ आता. नीट वाचून मीच पाठवतो. तू पाठवलंस तर घोळ घालशील."

दुसऱ्या दिवशी बर्नडेटचा फोन. आवाजात हसू दाबलेलं.

"राजा, पत्र आलं. वाचू?"

"वाचा ना!"

"'जोएल स्वतःच्या पद्धतीनं काम करतो. त्याला कुणीही काहीही सांगत नाही. कुणी सांगत नाही ना, याची मी स्वतः सकाळी, जेवणानंतर आणि तो निघताना खात्री करून घेतो. कुणी सांगितलंच, तर ते ऐकायचं नाही अशी मी त्याला सक्त ताकीद दिलेली आहे.'"

मागे तिच्या ऑफिसात कुणीतरी टेबल बडवून हसत होतं.

"बाद?" मी विचारलं.

"बाद, राजा. पण फ्रेम करून लावणार आहोत आम्ही."

मग काय... टॅम्सिननं माझी बॅग भरली. टूथब्रश तेवढा ठेवून घेतला, म्हणाली, याच्याशी बोलत जाईन. आणि ग्रिम्सबीत मला परवडेल अशी खोली मिळाली कुठं, सांगा? ग्रॅहमच्या माळ्यावर! त्यालाच वाईट वाटलं हो, म्हणाला, एवढं चांगलं पत्र लिहूनसुद्धा नाही म्हणाले? माणूस मनानं वाईट नाही. सकाळी टोस्टला लोणी कुठल्या दिशेनं लावायचं ते सांगतो, मग दोघं त्याच्याच गाडीतून कामावर. काल सिग्नलला थांबला, माझा सीटबेल्ट ओढून पाहिला आणि म्हणाला, "पोरा, पेट्रोलचे निम्मे तू द्यायचे हं. तुला काय, तुझी अंब्रेला देईलच की... हवं तर पत्र देतो!"