नुसतं कूट

माननीय अध्यक्ष हनुमंतराव, नाशिकहून मुद्दाम आलेल्या वसतिगृहाच्या रेक्टर चैतालीताई, पालकहो, आणि बारावी होऊन बाहेरगावी निघालेल्या मुलींनो,

मी भाषण कधी लिहून आणत नाही. आज आणलं, कारण अल्फियाचे वडील नूरमहंमदभाई काल घरी येऊन म्हणाले, "मॅडम, पोरगी नाशिकला जाणार नाही." मी तोंडी बोलले असते, तर रागावले असते.

लोणावळ्याच्या बाजारात पूर्वी भाईंची चिक्कीची भट्टी होती. गूळ वितळल्याचा वास शाळेच्या खिडकीतून आत यायचा आणि अख्ख्या वर्गाचं गणित चुकायचं. काय दिवस होते ते! त्याच घरात शेंगदाण्याची ॲलर्जी असलेली मुलगी जन्मावी? ती पाचवीत असताना स्नेहसंमेलनाच्या जेवणाआधी मी स्वयंपाकाच्या बयाबाईंना बजावलं होतं, कोशिंबिरीत दाणे नकोत. तरी अल्फियाचे ओठ सुजले, श्वास अडकला. बयाबाई रडत म्हणाल्या, "बाई, दाणं न्हाई घातलं, निस्तं कूट हाय!" आपल्याकडे कूट म्हणजे दाणे नसतातच; ते मिठासारखं, घातलं म्हणून कोणी सांगतही नाही. मुलगी वाचली. दुसऱ्याच दिवशी भाईंनी भट्टी विझवली आणि लोहगडवाडीला भज्यांची टपरी टाकली. बाजारातून जाताना मी अजून तो वास शोधते.

पुढे पुण्याच्या डॉक्टरांनी दोन उपचार जोडले. आधी अँटीबॉडीची इंजेक्शनं, शरीराचा राग उतरवायला. मग त्यांच्या देखरेखीत कणभर दाण्याची पूड, हळूहळू वाढवत. इंजेक्शनं थांबली, डोस रोजचा राहिला. अल्फिया म्हणते, "मॅडम, तुम्हाला बीपीची गोळी, मला शेंगदाणा!" म्हणून ती चिक्की खायला मोकळी झाली, असं कोणी समजू नये. चुकून पोटात गेलेल्या कुटानं जीव जाऊ नये, एवढ्यासाठी हा खटाटोप.

डोस देऊन भाई रोज तिच्यासमोर बसतात, श्वास बघत. "तिकडं कोण बसणार?" काल त्यांनी विचारलं. अल्फिया दारातूनच म्हणाली, "अब्बा, माझा श्वास मलाही कळतो."

भाई, यावर तुमच्याकडे उत्तर आहे? डोसनंतर तिच्यावर लक्ष ठेवायला चैतालीताई तयार आहेत. बाकी निर्णय बापाचा.

आपण शांतपणे ऐकलंत, आभारी आहे. शिक्षिकेची जीभ आहे. कुणाला लागली असेल तर पोटात घाला.

(समारंभानंतरची नोंद: भाई व्यासपीठावर आले. खांद्यावरच्या पिशवीतून त्यांनी डोसचा डबा, डॉक्टरांच्या सूचनांचा कागद आणि श्वास अडकलाच तर टोचायची ॲड्रेनलिनची दोन इंजेक्शनं काढली. चैतालीताईंनी हात पुढे केला. भाईंनी तिन्ही वस्तू अल्फियाच्या हातात दिल्या.)