चिंचेपासनं सात पावलं

नाय नाय दादा, मशीनची बकेट खाली टेकवू नका — वर घ्या, आणिक थोडं — चार बोटं तरी वर — हां, बस. खाली चिखल राहतोय? राहू दे ना. तो राहायलाच पायजे. बंगल्याच्या साहेबांनी फोनवर सांगितलं असंल सगळं साफ करा म्हणून, त्यांचं काय जातंय, ते बसलेत मुंबईला. डोंगराचा गाळ परवा गेटातनं असा आत आला की पायरी दिसंना, त्या सव्वीस जुलैच्या पान्यात बी एवढा नव्हता आला. पण म्हणून खरवडायचं नसतं. ही वाट खडीची हाय, डांबराची नाय. तुमच्या बकेटचे दात लागले की गाळाबरोबर खडी जाती, न खडीबरोबर खालची माती बी जाती. तुमी वरवरचा काढा. खालचा थर दोन दिस उनात वाळतो, पापुद्रा धरतो, मग मी बसते न हातानं सोडवते. एक खडा हलत नाय. किती दिस लागतात? लागू देत. मला कुठं जायाचंय?

घ्या, चहा घ्या. बिनदुधाचा हाय. नऊ सालं झाली मला इथं, बंगला झाला तवापासनं. साहेबांनी मधी पानं उडवायचं मशीन आणलं व्हतं, हवेचं — मी म्हटलं नको, खडे उडतात, खराटाच बरा. साहेब लई खूश. पावणे आले की दाखवतात — ही चिंधी, हिच्यासारखं काम सगळ्या नेरे गावात कोण करत नाय. दिवाळीला लुगडं दिलं. मी घेतलं. आता मला खडीचं काय? खडी काय माझ्या बापाची हाय?

हसू नका. तुमी विचारता म्हणून सांगते — बंगल्याच्या आधी इथं काशिराम शेटचं रान व्हतं. आमची झोपडी तिकडं बांधाला, आता मोटार लावतात ना, तिथं. माझी पोर हाय इथं. इथंच — म्हणजे इथंच कुठंतरी. अकरा दिसांची व्हती. बारसं व्हायचं व्हतं, नाव नव्हतं ठेवलं. तान्हं पोर जाळत नाय आमच्यात, पुरतात. शुक्रानं खड्डा काढला — शुक्रा माझा नवरा — चिंचेपासनं सात पावलं मोजली न वर नदीतला एक गोटा ठेवला, खुणेला. मी जाता-येता बघायची. बस, तेवढंच.

मग शेटनी रान विकलं. चिंच तोडली. खडीचे डंपर आले. शुक्रा त्याच कामावर व्हता, दुसरं काम कुठं व्हतं? मुकादम बोलला, धोंडे उचला, जागा सपाट करा — तर हा उचलत सुटला. दिसभर. मान खाली घालून, एकामागं एक, पाटीत घालायचा न फेकायचा. त्यातच तो गोटा बी उचलला. कळलंच नाय त्याला. सांजच्याला घरी आला, हात धुवायला बसला, न तिथंच बसून बोलला, गोटा बी गेला. मी इचारलं, कुठनं उचललास? तर बोलला, ठाऊक नाय, सगळेच उचलले. मी भात वाढला. त्यानं खाल्ला नाय, मी खाल्ला.

सकाळी जाऊन मोजून बघितलं. पण मोजायचं कुठनं? चिंच नव्हती, बुंधा बी खणून काढलेला. न पावलं शुक्राची, माझी पावलं बारीक. दोघांनी मोजलं, तर त्याचं एकीकडं यायचं न माझं दुसरीकडं. तवर वरून खडी पडली. मग बंगल्यावर बाई पायजे व्हती, तर मी राहिले. शुक्राला गेल्याला दोन सालं झाली, दारूनं गेला. मला रडायला येत नाय हल्ली, कशाचंच येत नाय. जागा ठाऊक असती ना दादा, तर तेवढीच जपली असती, बाकी साहेबाची खडी गेली उडत. ठाऊक नाय, म्हणून गेटापासनं पायरीपर्यंत सगळीच जपते.

साहेबाला यातलं बोलू नका हां. बंगल्यात मेलेलं हाय म्हणतील, खणून बघतील, न दुसरी बाई आणतील. मी कोणाला सांगत नाय, आज कसं तोंडातनं गेलं.

आता इंजान कशाला बंद केलं? — न उतरलात कशाला, काम व्हायचंय ना? — अवो, चपला कशाला काढता? घाला. घाला म्हणते ना. असं करू नका, आजपतूर कोणी नाय केलं असं. — बरं, जा तुमी आता. मशीन घेऊन जा. साहेबांना सांगा, बाईनं करू दिलं नाय.